प्रार्थनामंदिरांतील बाप्तिस्मा आणि छायाचित्र



ख्रिस्ती कुटुंबांच्या घरीं जपून ठेवलेले छायाचित्रांचे जुने संग्रह चाळले, तर त्यांत एक चित्र पुनःपुन्हा आढळतें. आईच्या किंवा धर्ममातेच्या हातांवर तान्हें मूल आहे. त्याच्या अंगांत पायांखालीं लोंबणारा पांढरा झगा आहे. भोंवतीं नातेवाईक ओळीनें उभे आहेत, आणि मागें प्रार्थनामंदिराचें दार दिसत आहे. हें बाप्तिस्म्याच्या दिवशींचें चित्र, हें कोणी न सांगतांच समजतें. परंतु ज्या क्षणासाठीं ही सारी मंडळी जमली, तो क्षण मात्र चित्रांत नसतो. बालकाच्या मस्तकावर पाणी पडत असल्याचें चित्र जुन्या संग्रहांत क्वचितच सांपडतें. असें कां व्हावें, आणि पुढें तें चित्र कसें मिळूं लागलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण त्यांत प्रकाशाचा, धर्मविधीच्या मर्यादेचा आणि माणसाच्या नांवाचा असा तिहेरी इतिहास आहे, आणि त्याचे कांहीं महत्त्वाचे धागे आपल्या खानदेशांत सांपडतात.

प्रथम विधीविषयीं दोन शब्द. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती लोकांचें बारसें, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बारशांत नांव ठेवणें हाच मुख्य हेतु असतो. बाप्तिस्म्यांत नांव उच्चारलें जातें खरें. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नांवानें पाण्याचा संस्कार होऊन बालक मंडळींत, म्हणजे ख्रिस्ती समाजांत, स्वीकारलें जातें, ही त्यांतील मुख्य गोष्ट. रोमन कॅथलिक विधींत पवित्र तेल, पांढरें वस्त्र आणि पेटविलेली मेणबत्ती हींही असतात. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकांत असा नियम आहे कीं, मुलगा असल्यास दोन धर्मपिते व एक धर्ममाता असावी, आणि मुलगी असल्यास दोन धर्ममाता व एक धर्मपिता असावा. हा विधि रविवारीं किंवा सणाच्या दिवशीं, भर उपासनेंत, सर्वांसमक्ष व्हावा, असेंही तेथें सांगितलें आहे. कारण नवें बालक मंडळींत आलें, याची साक्ष जमलेल्या लोकांनीं द्यावयाची असते. हा साक्षीचा मुद्दा लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

१९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचें मुख्य ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. या प्रदेशांत ख्रिस्ती समाज मुख्यतः दोन वाटांनीं वाढला. एक वाट आगगाडीची. १८६० नंतरच्या दशकांत रेल्वे भुसावळास पोंचली आणि तें गांव मोठें जंक्शन झालें. रेल्वेच्या नोकरीनिमित्त युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि गोमंतकीय कुटुंबें तेथें आलीं. त्यांच्यांत तान्ह्या मुलास कुंडाजवळ नेऊन बाप्तिस्मा देण्याची चाल होती. दुसरी वाट मिशनांची. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचें काम भुसावळ, जळगांव, चाळीसगांव या भागांत चाललें. शिकागो येथें १८९० मध्यें फ्रेडरिक फ्रान्सन यांनीं स्थापिलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम खानदेशांत, विशेषतः भिल्लांच्या मुलुखांत, राहूं लागले. या मिशनांचें मत असें कीं, ज्याला आपला विश्वास स्वतःच्या तोंडानें कबूल करतां येतो, त्यालाच बाप्तिस्मा द्यावा, आणि तो पाण्यांत पूर्ण बुडवून द्यावा. त्यामुळें त्यांच्या मंडळ्यांत बाळाचा बाप्तिस्मा होत नाहीं. त्याचें 'समर्पण' होतें. आईबाप बाळाला पुढें आणतात, पाळक त्याला हातांत घेऊन प्रार्थना करतो, आणि पाण्याचा विधि पुढें तें मूल जाणतें झाल्यावर होतो. म्हणून एकाच जिल्ह्यांत एका घरच्या बाळाच्या चित्रांत कुंड असतें, तर दुसऱ्या घरच्या चित्रांत केवळ पाळकाचे हात असतात. १९७० सालीं नागपूर येथें स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियानें दोन्ही रीतींना आपल्यांत स्थान दिलें.

आतां प्रकाशाकडे वळूं. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची छायाचित्रणाची कृति जगापुढें आली. १८५४ मध्यें मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि त्याच वर्षीं बेळगांवीं बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु तो काळ ओल्या कांचेचा होता. कांचेवर रसायन पसरावयाचें, तें ओलें आहे तोंवरच चित्र घ्यावयाचें आणि लागलीच अंधाऱ्या तंबूंत धुवावयाचें, अशी ती यातायात होती. उघड्यावर, भर उन्हांत, कांहीं सेकंदांत काम भागे; जाड भिंतींच्या आणि लहान खिडक्यांच्या इमारतींत कांच पुष्कळ अधिक वेळ उघडी ठेवावी लागे.

अंधाराशीं असा सामना करणारा एक मनुष्य खानदेशच्याच मातींत विसावला आहे. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासच्या सैन्यांतील अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं त्याला १८४४ सालीं नेमण्यांत आलें. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्यें लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या. मधल्या काळांत त्यानें कॅमेरा हातीं घेतला होता, आणि १८६४ सालीं फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरील ग्रंथांत त्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. १८७९ मध्यें तो वारला. त्याची कबर भुसावळ येथें आहे. गिलला लेण्यांचीं चित्रें घेतां आलीं, याचें एक कारण उघड आहे. दगडी खांब हवा तितका वेळ स्थिर राहतात. तान्हें मूल तसें राहत नाहीं. आणि थंड पाणी अंगावर पडल्यावर तर मुळींच नाहीं! म्हणून छायाचित्रकार साऱ्या कुटुंबाला बाहेर पायरीवर आणी. जुन्या चित्रांत आपणांस दार दिसतें आणि कुंड दिसत नाहीं, त्याचें पहिलें कारण हें.

पुढें कोरड्या कांचा आल्या. १८८७ सालीं जर्मनींत मिएथे आणि गेडिके यांनीं मॅग्नेशियमची झगझगीत पेटणारी पूड तयार केली. तिनें अंधार जिंकला. पण भडका, धूर आणि राख हींही तिच्याबरोबर आलीं. प्रार्थना चालू असतां असा भडका उडालेला कोणत्या पाळकास रुचेल? १९३० च्या सुमारास बंद कांचेचे दिवे बाजारांत आले आणि धूर गेला. लहान कॅमेरे व शीघ्रग्राही फिल्म यांनीं उरलेलें काम केलें. तरीही चालत्या विधीचें चित्र घेणें ही वेगळीच विद्या आहे. चाळीसगांवचे विख्यात छायाचित्रकार केकी मूस यांनीं आपल्या घरांतच आयुष्याचीं अनेक दशकें घालविलीं आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून अपूर्व दृश्यें निर्माण केलीं. तेथें प्रकाश आणि वस्तु हीं दोन्ही कलावंताच्या आज्ञेंत होतीं. कुंडाजवळ दोहोंपैकीं एकही त्याच्या आज्ञेंत नसतें.

प्रकाशाची अडचण सुटली, तेव्हां दुसरी अडचण स्पष्ट झाली. विधीच्या वेळीं तेथें उभा असलेला प्रत्येक मनुष्य साक्षीदार आहे, असें प्रार्थनापुस्तक मानतें. मग कॅमेरा डोळ्याला लावून उभा असलेला मनुष्य साक्षीदार कीं प्रेक्षक? तो पाळकाच्या आणि मंडळीच्या मध्यें आला, तर इतरांची साक्ष झांकली जाते. हा प्रश्न रोमपर्यंत पोंचला होता. २५ मे १९६७ रोजीं रोमन कॅथलिक चर्चनें उपासनेसंबंधीं जी सूचना काढली, तींत छायाचित्रें घेतल्यामुळें विधींत, विशेषतः मिस्सेंत, व्यत्यय येऊं नये, योग्य कारण असल्यास अत्यंत संयमानें तीं घ्यावीं, आणि स्थानिक बिशपांनीं घालून दिलेले नियम पाळावे, असें सांगितलें आहे. येथें सरसकट बंदी नाहीं, आणि मोकळीकही नाहीं. माझ्या मतें हा निर्णय शहाणपणाचा आहे. कारण तो कॅमेऱ्याला हांकून देत नाहीं, फक्त त्याला त्याची जागा दाखवितो.

परंतु या इतिहासाचा तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिशनांच्या परदेशांतील मासिकांत हिंदुस्थानांतील बाप्तिस्म्यांचीं छायाचित्रें छापलीं जात: नदीचें पात्र, कमरेइतक्या पाण्यांत उभा असलेला पाळक, कांठावर जमलेली गर्दी. तीं पाहणारे लोक सातासमुद्रांपलीकडचे वर्गणीदार होते. चित्रांतील माणसाचें नांव पुष्कळदां खालीं नसेच. 'एक नवा विश्वासी', 'एक भिल्ल कुटुंब' एवढ्यावर काम भागे. ज्याचें चित्र, त्याच्या घरीं त्याची प्रत पोंचली असेल, असें समजण्यास फारसें कारण नाहीं. याच्या उलट प्रार्थनामंदिरांतील नोंदवही. तींत चित्र नसतें. पण बालकाचें नांव, आईबापांचीं नांवें, राहण्याचें गांव, तारीख आणि विधि करणाऱ्याची सही असते. जन्माची सरकारी नोंद सर्वत्र रुळण्यापूर्वीं त्या वहींतील उताऱ्यावर शाळेंतील प्रवेश आणि नोकरींतील वयाचा निर्णय होत असे. अशा रीतीनें एकीकडे नांवावांचून चेहरा राहिला आणि दुसरीकडे चेहऱ्यावांचून नांव राहिलें.

घरच्या माणसांनीं आपल्यासाठीं घेतलेल्या चित्रानें हीं दोन टोकें जुळलीं. भुसावळच्या रेल्वे-चाळींतील असो कीं साक्रीकडील शेतकऱ्याचें असो, तें बाळ आतां कोणाच्या अहवालांतील उदाहरण राहिलें नाहीं. तें आपल्या घरच्या भिंतीवर, आपल्या नांवानें राहूं लागलें. बाप्तिस्म्याच्या चित्राला आईबाप एवढे कां जपतात, याचें उत्तर येथें आहे.

आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे आणि अंधाऱ्या कोपऱ्यांतही तो चित्र घेतो. अडचण आतां उलट झाली आहे: कुंडाभोंवतीं दहा हात वर होतात आणि मागच्या बांकावरील आजीला नातवंड दिसतच नाहीं. यावर उपाय साधा आहे. पाळकांना आधीं विचारावें. एकाच माणसावर हें काम सोंपवावें. त्यानें बाजूला उभें राहावें, दिव्याचा झोत टाकूं नये, आणि प्रार्थनेच्या वेळीं हात खालीं ठेवावे. बाकीच्यांनीं डोळ्यांनीं पाहावें. शेवटीं एक विनंती. चित्र कागदावर उतरवून त्याच्या पाठीमागें बालकाचें, आईबापांचें, धर्मपित्याचें व धर्ममातेचें नांव आणि दिवस शाईनें लिहावा. जुन्या मासिकांतील त्या अनाम चेहऱ्यांना जें मिळालें नाहीं, तें आपल्या घरच्या बाळाला देणें आपल्या हातांत आहे.