भिल्लांच्या साहाय्याचे दोन प्रारंभ

सुरतेहून भुसावळास जाणारा लोहमार्ग आणि मुंबईहून आग्र्यास जाणारी सडक ही दोन्ही ज्या थोड्या गावांपाशी एकमेकांस भेटतात, त्यांत धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे एक होय. येथून सडकेने उत्तरेस निघावे, तापी ओलांडावी, शिरपूर मागे टाकावे, की पुढे सातपुड्याची भिंत आणि सेंधव्याचा घाट. ही वाट निर्धोक राहावी म्हणून खानदेशात पूर्वी पुष्कळ खटाटोप झाला. खानदेशातील भिल्लांस साहाय्य करण्याच्या पहिल्या सरकारी योजनेचा उगम या वाटांच्या काळजीत आहे, हे ध्यानात ठेविल्यावाचून त्या योजनेचा पुढील इतिहास नीट उमजत नाही.

1818 साली खानदेश इंग्रजांकडे आला. प्रथम काही वर्षे फौजा पाठवून डोंगर धुंडाळण्यात गेली. भिल्ल मारले गेले, पकडले गेले, आणि पावसाळा सरला की पुन्हा वाटा बंद झाल्या. तेव्हा 1825 मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारने धोरण पालटले. तीन भिल्ल एजंट नेमण्यात आले : दक्षिणेस कन्नडला ओव्हान्स, वायव्येस कुकरमुंड्यास रिग्बी आणि ईशान्येस औट्रम. भिल्लांस मागील गुन्ह्यांची माफी द्यावी, पडीक जमीन द्यावी, बैल-बियाण्यासाठी तगाई द्यावी, नायकांस घाटांच्या राखणीबद्दल वेतने बांधून द्यावीत आणि तरुणांची एक पलटण उभारावी, अशी ही योजना होती. ओव्हान्सने वसाहतींचे काम चिकाटीने केले. त्याची कीर्ती औट्रमइतकी झाली नाही, हा इतिहासाचा नेहमीचा पक्षपात होय; नांगर धरावयास लावणाऱ्यापेक्षा वाघ मारणाराच लोकांच्या अधिक लक्षात राहतो.

पलटण उभारण्याचे काम औट्रमकडे होते. तो त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता. आपल्या हातून हे कसे घडले, ते त्यानेच लिहून ठेविले आहे. पहिल्या झडपेत जे भिल्ल कैदी त्याच्या हाती लागले, त्यांपैकी काहींस त्याने सोडले आणि बाकीच्यांचे नातलग घेऊन यावयास पाठविले. तसे केल्यास सर्वांस मोकळे करू, असे वचन दिले. पुढे तो एकटाच नायकांबरोबर रानात गेला, पहाऱ्यावाचून त्यांच्यांत राहिला आणि ब्रँडी मनसोक्त पाजून त्याने त्यांची मने जिंकली. या प्रयत्नांतून प्रथम अवघे पाच जण त्याच्याबरोबर नशीब अजमावण्यास तयार झाले. धरणगावची भिल्ल पलटण या पाचांतून वाढली.

औट्रमच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पहाऱ्यावाचून त्या रानात राहणे हे लहानसहान काम नव्हते. परंतु या हकीगतीत भिल्लाचे कुटुंब प्रथम कोठे येते? कैद्यांच्या सुटकेच्या सौद्यात येते. आणि मैत्रीचे साधन कोणते? दारू.

योजना फळास आली नाही असे नव्हे. वाटा खुल्या झाल्या, कित्येकांनी शेती धरली. मात्र शांतता हाच हेतू असल्यामुळे शांतता होताच आस्थाही ओसरली. एजन्स्यांचे काम हळूहळू मामुली महसुली कारभारात मिसळून गेले, तगाईच्या जागी सावकाराचे कर्ज आले, आणि जमीन कसणारा भिल्ल त्याच जमिनीवर सालदार झाला. लग्नासाठी घेतलेली उचल फेडता फेडता सालामागून साल जाई. गडी नांगरावर, बायको निंदणीस आणि पोर गुरांमागे, असे सारे घर त्या एका उचलीत बांधले जाई. 1857 साली सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटणारा खाज्या नाईक हा पूर्वी त्याच घाटाच्या राखणीवरील नोकर होता. 1858 च्या एप्रिलमधील अंबापाणीच्या लढाईने ते बंड मोडले. ते का झाले याचा विचार मात्र फारसा झाला नाही. पुढे 1878 हे एकच वर्ष असे उगवले, की त्यात जंगलाचा कायदा झाला आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही झाला. रान राखीव होऊ लागले. मोहाची दारू घरी गाळणे हा गुन्हा झाला आणि तीच मक्तेदाराच्या गुत्त्यावर विकत घेणे कायदेशीर ठरले.

विसाव्या शतकात समाजसेवकांचे लक्ष इकडे वळले. अमृतलाल ठक्कर यांनी 1922 मध्ये दाहोदास भिल्ल सेवा मंडळ स्थापिले. 1928 साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर ठक्करांबरोबर डॉ. आंबेडकरही होते. शाळा, वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांची भाषा सरकारी कागदांत आली.

परंतु दुसरा खरा प्रारंभ आम्हांस वाटतो तो तळोदे तालुक्यातील मोरवड येथे झाला. 1937 च्या सुमारास गुला महाराज या तरुण भिल्ल पुरुषाभोवती लोक जमू लागले. सोमवारी आरती होई. दारू सोडावी, स्नान करून स्वच्छ राहावे, आणि एकमेकांस ‘आप’ म्हणून हाक मारावी, एवढाच त्यांचा उपदेश. ज्यांनी जन्मभर गावच्या पाटलाकडून व सावकाराकडून ‘अरे-तुरे’ ऐकले, त्यांच्या तोंडी ‘आप’ हा शब्द येणे ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नव्हती. गुत्ते ओस पडू लागले आणि ज्यांचे हित त्यांत गुंतले होते त्यांस ही भक्ती रुचेना. 1938 मध्ये गुला महाराज वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले. या साहाय्यास तगाई लागली नाही, एजंट लागला नाही. घरात येणारा पैसा मुलांच्या पोटात जावा ही व्यवस्था लोकांनी आपली आपण केली.

हा धागा तुटला नाही. 1972 मध्ये शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल कार्यकर्ते त्या चळवळीत अग्रभागी होते. गेलेल्या जमिनी व सालदारांची मजुरी हे तिचे मुख्य प्रश्न. परंतु बायका उठल्या त्या दारूवर. गावोगाव मोर्चे नेऊन त्यांनी गाळणीची मडकी फोडली आणि बायकोस मारणाऱ्या नवऱ्यांस चारचौघांत जाब विचारला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने 1974 सालचा म्हणून केला, तो याच काळात.

1996 च्या पेसा कायद्याने दारूची विक्री आणि सावकारी या दोहोंवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. मोरवडास व शहाद्यास लोकांनी जे मागितले, ते येथे कायद्याच्या कलमांत उतरले आहे. मात्र हा अधिकार अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. तापीच्या उत्तरेस शिरपूर तालुक्यातील कित्येक गावे त्या यादीत आहेत. अलीकडचा शिंदखेडे तालुका नाही. नरडाण्याच्या परिसरात मजुरी करणाऱ्या भिल्ल कुटुंबाच्या मुलांस शिष्यवृत्ती मिळू शकते, कारण ती व्यक्तीस आहे. गावातील गुत्ता बंद करावयाचा तर त्यांच्या आईबापांच्या हाती हे कलम नाही.