सरकारवाड्यातील वाचनालय आणि ‘सार्वजनिक’ हा शब्द

नाशिकच्या सराफ बाजारातील सरकारवाडा ही पेशवेकालीन वास्तू. दगडी जोते, रस्त्यावरून वर चढणाऱ्या पायऱ्या, आत कोरीव लाकडी खांब. गोदावरीला पूर आला की पाणी या पायऱ्यांना लागले का, असे नाशिककर आजही विचारतात. याच वाड्यात एके काळी शहराचे वाचनालय होते. इंग्रजी अमदानीत, १८४० साली स्थापन झालेले हे सार्वजनिक वाचनालय महाराष्ट्रातील फार जुन्या वाचनालयांपैकी एक. आज ते टिळक पथावर आहे.

पेशवाईच्या वाड्यात पुस्तके आली, ही घटना लहान नाही. परंतु तिच्या कौतुकापाशी थांबणारा इतिहास आम्हाला पुरेसा वाटत नाही. या ‘सार्वजनिक’मध्ये कोण होते?

उत्तर वाचनालयाच्या दारात नव्हे, शाळेच्या दारात शोधावे लागते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो दिला नाही. ज्याला अक्षरच मिळू दिले नाही, त्याला वाचनालयाच्या पायरीवर अडविण्याची गरज काय? तेथे मनाईची पाटी लावावीच लागत नाही.

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. वाचनालयाचा त्यात नावाने उल्लेख नाही. पाण्यासाठी झगडणाऱ्या माणसालाही पुस्तकाची भूक असते, हे कोणाच्या ध्यानात आले नसावे. ते बाबासाहेबांच्या ध्यानात होते. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कार्यात वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयेही होती. पुढे त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, तेही ग्रंथांना जागा हवी म्हणून.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वाचनालय नव्वद वर्षांचे होते. मंदिर नदीपलीकडे पंचवटीत, वाडा अलीकडे. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष माणुसकीच्या हक्कासाठी बंद दारासमोर उभे होते. एकाच शहरात ग्रंथांची परंपरा आणि बंद दार इतकी वर्षे शेजारी शेजारी नांदू शकली. नुसत्या ग्रंथसंग्रहाने समाज शहाणा होत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

१९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. १९५० च्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, सार्वजनिक जागांवर सर्वांचा हक्क मान्य केला. १९६७ साली महाराष्ट्राने ग्रंथालयांचा कायदाही केला. कायद्याने दार उघडले. आतल्या फडताळांचे काय?

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी सरकारवाडा जरूर पाहावा, खांबांवरची नक्षीही पाहावी. पण त्याचबरोबर आपापल्या गावच्या जुन्या वाचनालयात जाऊन सभासदांच्या वह्या मागाव्यात. पहिले नाव आपल्या वस्तीतले कोणत्या साली आले, फुले-आंबेडकरांचे पहिले पुस्तक केव्हा दाखल झाले, हे टिपून घ्यावे. ही नोंद दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा इतिहास त्या वह्यांतून लिहावा लागेल.