मेर्सेन यांची सदुसष्ट घातांकाची संख्या

मेर्सेन यांची सदुसष्ट घातांकाची संख्या : दोनच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला असता येणारी १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या. एखादी संख्या अविभाज्य नाही हे तिचा एकही अवयव न सापडता सिद्ध करता येते, याचे हे अभिजात उदाहरण होय.

दोनच्या घातातून एक वजा करून मिळणारी संख्या अविभाज्य असल्यास तिच्यापासून सम परिपूर्ण संख्या मिळते, हे यूक्लिड यांनी दाखविले होते. फ्रेंच धर्मोपदेशक व गणितज्ञ मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांना अशी अविभाज्य संख्या मिळते त्यांची यादी दिली. तीत ६७ हा घातांक होता. या यादीची पूर्ण तपासणी १९४७ पर्यंत झाली. तीनुसार ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले असून ६१, ८९ व १०७ हे गळले आहेत.

एदवार ल्यूका (१८४२–९१) यांनी १८७६ मध्ये प्रस्तुत संख्या विभाज्य असल्याचे दाखविले. त्यांच्या कसोटीला डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये दिलेले सुलभ रूप असे : ४ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्ग करावा, त्यातून २ वजा करावे व तपासावयाच्या संख्येने भागून शेष घ्यावा. घातांक विषम अविभाज्य असून त्यापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शेष शून्य आला, तरच संख्या अविभाज्य असते. उदा., घातांक ५ असता संख्या ३१ येते. ४ पासून तीन पायऱ्यांत १४, ८ व ० हे शेष मिळतात. घातांक ६७ असता ६५ पायऱ्या पुरतात. मात्र शेष शून्य न आल्यास संख्या विभाज्य आहे एवढेच कळते. अवयव कळत नाहीत.

ते अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) यांनी शोधले. या संख्येचा प्रत्येक अविभाज्य अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकने अधिक असतो. तथापि लहान अवयवासाठी ही पट १४,४५,५८० इतकी असल्याने केवळ भागाकार करीत जाणे हातगणितात जिकिरीचे होते. म्हणून कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने शोधाचे क्षेत्र संकुचित केले. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत त्यांनी १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन अवयव मांडले. त्यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला व या शोधासाठी त्यांचे तीन वर्षांतील रविवार खर्ची पडले, असे ई. टी. बेल यांनी लिहिले आहे. ही हकिकत आख्यायिका म्हणूनच स्वीकारणे इष्ट.

शोधास दीर्घ काळ लागला, पडताळा मात्र कोणासही लगेच घेता आला. विभाज्यता ओळखणे व अवयव पाडणे यांतील हाच भेद १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर व एडलमन यांनी योजिलेल्या गुप्तलेखन पद्धतीचा आधार आहे. कोणत्याही संख्येची अविभाज्यता अंकसंख्येच्या बहुपदीइतक्या पायऱ्यांत निश्चितपणे ठरविता येते, हे कानपूर येथील मणींद्र अगरवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. नेहमीच्या संगणकावर अवयव पाडण्याची तितकी जलद सर्वसाधारण रीत अद्यापि उपलब्ध नाही.