बातमी आणि तोरा : अभ्यासात येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

एक माणूस प्रवासाहून गावी परततो आहे. वेशीपाशी पोहोचतो न पोहोचतो तोच आतून आक्रोश ऐकू येतो. काय झाले, कुणावर ओढवले, काहीच कळत नाही. तो मनातल्या मनात देवाला विनवतो की हे माझ्या घरचे नसू दे. हा प्रसंग मिश्ना या ग्रंथातल्या ‘बेराखोत’ प्रकरणाच्या नवव्या अध्यायात येतो आणि त्यावरचा निर्णय कडक आहे: ही प्रार्थना व्यर्थ. जे व्हायचे ते होऊन गेलेले आहे. मला त्यात आणखीही काही दिसते. माझ्या घरचे नसू दे असे मागणारा माणूस नकळत ते शेजाऱ्याच्या दारात ढकलत असतो.

रब्बी येहुदा हनासी यांनी इ.स. 200च्या सुमारास मिश्नाचे संकलन केले. म्हणजे दूरवरून कानी आलेल्या वार्तेशी माणसाने कसे वागावे, याचा विचार या परंपरेत अठराशे वर्षांपूर्वीच सुरू झालेला होता. त्याच अध्यायात भूकंप, मेघगर्जना, वादळी वारे यांसाठी म्हणायची स्तुतिवचने आहेत. चांगली बातमी कळली तर देव भला आहे आणि भले करतो असे म्हणायचे. वाईट कळली तर तो खरा न्यायाधीश आहे असे म्हणायचे. बातमी ऐकणे ही इथे धार्मिक कृती आहे, आणि तिला नियम आहेत.

जगातल्या घडामोडींकडे ज्यू आध्यात्मिक दृष्टीने कसे पाहावे हे शिकायची इच्छा आता पुष्कळांना होते. युद्ध, महामारी, निवडणूक, भूकंप असे काही घडले की संध्याकाळपर्यंत त्यावरचे दहा वर्ग आणि शंभर चित्रफिती पडद्यावर हजर असतात. या अभ्यासात येणाऱ्या मराठी वाचकाचे मी मनापासून स्वागत करते. मात्र एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या परंपरेतले थोर शिक्षक घटनेचा गूढ अर्थ उलगडून दाखवण्यापेक्षा घटनेला उत्तर देण्याला जास्त महत्त्व देतात. उत्तर म्हणजे कृती, प्रार्थना, दानधर्म, स्वतःची झडती. त्या वळणाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

दोन नियम शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. पहिला मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीज यांचा (1138–1204). त्यांच्या ‘मिश्ने तोरा’तल्या उपवासांच्या नियमांत म्हटले आहे की समाजावर संकट आले तर आक्रंदन करावे, तुताऱ्या फुंकाव्यात, आपल्या वागण्याचा शोध घ्यावा. हे जगरहाटीप्रमाणे झाले, योगायोग आहे, असे म्हणून पुढे जाणे ही क्रूरता होय. दुसरा नियम तालमूदच्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथाच्या, ‘बाबा मेत्सिया’ प्रकरणात आहे. ज्याच्यावर दुःख कोसळले आहे, जो आजारी आहे, ज्याने आपली मुले पुरली आहेत, त्याला ईयोबाच्या मित्रांसारखे बोलू नये. म्हणजे तुझ्याच पापांचे हे फळ, असे सुचवू नये. शब्दांनी केलेला तो अन्याय आहे.

वरवर पाहता हे दोन नियम एकमेकांवर आदळतात. संकटात अर्थ शोधलाच पाहिजे, आणि दुसऱ्याच्या संकटाचा अर्थ सांगता कामा नये. पण दोन्हींची दिशा एकच आहे. बातमीचा रोख स्वतःकडे वळवायचा. दूरच्या देशातला भूकंप हा तिथल्या लोकांबद्दलचा निकाल म्हणून वाचायची मुभा कुणालाच नाही. आपल्या घरातली तराजू-मापे तपासायला मात्र तो निमित्त होऊ शकतो. ज्या वर्गात पहिला नियम शिकवतात आणि दुसरा गाळतात, तिथून उठून जावे असे माझे स्पष्ट मत आहे.

या शिस्तीचे सर्वांत उज्ज्वल आणि सर्वांत वेदनादायक उदाहरण वॉर्सातले आहे. रब्बी कालोनिमुस काल्मन शापिरा हे वॉर्साजवळच्या पिआसेच्नो गावचे हसिदी गुरू. सप्टेंबर 1939मध्ये जर्मन बाँबवर्षावात त्यांचा एकुलता एक मुलगा जखमी होऊन गेला. सून गेली, मेहुणी गेली. काही आठवड्यांत आईही गेली. नोव्हेंबरच्या आरंभी शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, ते पुन्हा प्रवचनाला उभे राहिले. त्या आठवड्याच्या पाठात अब्राहामाची पत्नी सारा हिच्या मृत्यूची कथा होती. मुलगा इसहाक याला बळी द्यायला नेल्याची वार्ता ऐकून साराचा प्राण गेला, हे जुने भाष्य त्यांच्यासमोर होते. त्यांनी त्याला असे वळण दिले की ऐकणारे थरारले असतील: माणसाला इतके दुःख सोसवत नाही हे देवाला कळावे, म्हणून सारा स्वतः होऊन मेली. तिचा मृत्यू ही आपल्या लेकरांच्या वतीने केलेली तक्रार होती.

या प्रवचनात बाँबचा उल्लेख नाही, स्वतःच्या मुलाचाही नाही. जुलै 1942पर्यंत ते घेट्टोत बोलत राहिले, आणि त्या प्रवचनांत जर्मनांचे नाव शोधूनही सापडत नाही. तरी प्रत्येक पानावर त्या आठवड्याची बातमी आहे, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. सुरुवातीच्या काळात ते धीर देत की असे छळ आपल्या इतिहासात याआधीही होऊन गेले आहेत. 1942च्या अखेरीस, वॉर्सातले बहुसंख्य ज्यू ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले गेल्यानंतर, त्यांनी आपल्याच हस्तलिखिताच्या कडेला टीप जोडली: त्या वर्षाच्या मध्यापर्यंत जे झाले तेवढ्यापुरतेच ते विधान खरे होते, त्यानंतर जे झाले तसे कधीच झालेले नाही. नोव्हेंबर 1943मध्ये त्यांची हत्या झाली. घेट्टोतले इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम यांच्या गुप्त संग्रहाबरोबर पुरून ठेवलेली ही पाने 1950मध्ये वॉर्साच्या ढिगाऱ्याखालच्या दुधाच्या कॅनमध्ये मिळाली आणि 1960मध्ये इस्राएलमध्ये ‘एश कोदेश’ या नावाने छापली गेली.

ती टीप मला या साऱ्या क्षेत्राचा पाया वाटते. वास्तव जुन्या चौकटीत मावेनासे झाले तेव्हा एका श्रद्धावान गुरूने चौकट अपुरी असल्याचे लिहून ठेवले, आणि तरीही पाठ वाचणे सोडले नाही. आज एखादा शिक्षक कुठल्याही बातमीला पाच मिनिटांत ग्रंथातला चपखल दाखला काढून देतो, तेव्हा ही टीप आठवावी.

1956च्या इस्राएली स्वातंत्र्यदिनी न्यूयॉर्कमध्ये रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी दिलेले ‘कोल दोदी दोफेक’ हे व्याख्यान घटनेला उत्तर देण्याचा तोच विचार तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडते: हे का घडले याचा छडा माणसाला लागणार नाही, आता मी काय करू, हा प्रश्न विचारणे त्याच्या हाती आहे. अब्राहम जोशुआ हेशेल यांनी त्याचे उत्तर पायांनी दिले. ‘द प्रॉफेट्स’ हा संदेष्ट्यांवरचा ग्रंथ 1962मध्ये प्रसिद्ध करून ते 1965मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठीच्या सेल्माच्या मोर्चात चालले.

याच परंपरेत घसरणीच्या वाटाही आहेत, आणि इंटरनेटवर त्याच आधी भेटतात. यहेज्केलच्या पुस्तकातले गोग-मागोगचे अंतकाळचे युद्ध आजच्या नकाशावर बसवणारे, मसीहा येण्याचे साल सांगणारे वर्ग उदंड आहेत. तालमूदच्या ‘सान्हेद्रिन’मध्ये शेवटाचा हिशेब मांडणाऱ्यांना शाप आहे, आणि त्याचे कारण इतिहासाने दाखवून दिले. 1665–66मध्ये शब्बताई त्झ्वी हाच मसीहा असे मानून येमेनपासून अॅम्स्टरडॅमपर्यंत ज्यू समाज पेटून उठला. अनेकांनी घरेदारे विकली. सप्टेंबर 1666मध्ये ऑटोमन सुलतानापुढे त्याने धर्म बदलला. त्या भंगाची जखम भरायला पिढ्या लागल्या. बायबलच्या हिब्रू अक्षरांत पुढच्या काळाची माहिती दडलेली असल्याचा दावा करणारा निबंध 1994मध्ये एका प्रतिष्ठित संख्याशास्त्रीय नियतकालिकात आला होता. 1999मध्ये त्याच नियतकालिकाने त्याचे सविस्तर खंडनही छापले. दाव्याच्या चित्रफिती मात्र अजून फिरतात.

याहून गंभीर धोका शत्रूला बायबलमधले नाव देण्याचा. आजच्या एखाद्या समाजाला अमालेक, म्हणजे ज्याचा समूळ नाश करण्याची बायबलमध्ये आज्ञा आहे तो शत्रू, म्हटले की त्याच्याविषयीची दया आपोआप गळून पडते. 7 ऑक्टोबर 2023च्या हत्याकांडानंतर आणि गाझातल्या युद्धात हा शब्द जाहीरपणे उच्चारला गेला. अशा वेळी मिश्नाच्या ‘यादाइम’ प्रकरणातला निर्णय समोर ठेवावा. अम्मोनी वंशाचा म्हणवणारा एकजण ज्यू समाजात प्रवेश मागतो. अम्मोन्यांना तर बंदी आहे. रब्बी येहोशुआ म्हणतात की सन्हेरीब राजाने केव्हाच सगळी राष्ट्रे एकमेकांत मिसळून टाकली, आता कोण अम्मोनी हे कोणी सांगावे? त्याला प्रवेश मिळतो. नंतरच्या अनेक विद्वानांनी या तर्काचा आधार घेऊन प्राचीन शत्रूंची नावे जिवंत माणसांना चिकटवायला नकार दिला. तालमूदच्या ‘मेगिला’ प्रकरणातली कथाही इथलीच: मिसरी सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत गाऊ पाहत होते, तेव्हा आपली निर्मिती बुडत असताना गाता कसे, असे म्हणून देवाने त्यांना थांबवले.

आता शिकण्याच्या माध्यमाविषयी. पडद्यावरून तोरा शिकणे हा आधुनिक सवंगपणा आहे असे काही जुन्या मंडळींना वाटते. मला ते पटत नाही. मौखिक परंपरा लिहून ठेवणेच एके काळी निषिद्ध होते. विस्मरणाच्या भीतीपोटी ती लिहिली गेली. 1520 ते 1523 या काळात व्हेनिसमध्ये डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने संपूर्ण तालमूद छापला आणि त्यातली पाने कायमची ठरून गेली. ती ठरलेली होती म्हणूनच 1923मध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत रब्बी मेइर शापिरा यांना सुचवता आले की जगभरच्या ज्यूंनी रोज एकच पान शिकावे. 2,711 पाने, सुमारे साडेसात वर्षे. यालाच ‘दाफ योमी’ म्हणतात. चौदावे आवर्तन 5 जानेवारी 2020 रोजी सुरू झाले आणि दोन महिन्यांत कोविडने सिनेगॉगची दारे बंद केली. रोजचे पान झूमवर गेले आणि तिथे आजवर ज्यांना बाकावर जागा नव्हती तेही येऊन बसले, विशेषतः स्त्रिया. त्याला ग्रंथांची जोड आधीच मिळालेली होती. रब्बी आदिन स्टाइनसाल्ट्झ यांनी 1965 ते 2010 अशी पंचेचाळीस वर्षे खपून तालमूदचे सुबोध हिब्रू रूपांतर पूर्ण केले. त्यावर आधारलेले इंग्रजी भाषांतर 2017पासून सेफारिया या मुक्त ग्रंथालयात कुणालाही फुकट वाचता येते. शिक्षक एखादे वचन सांगत असतानाच मूळ पान उघडून मागचे-पुढचे वाक्य पाहता येणे, ही सोय या अभ्यासात फार मोलाची आहे. बातमीला जोडलेले वचन बहुधा संदर्भातून तोडलेले असते.

आठवड्याचा पाठ, म्हणजे पाराशा, हा दुसरा आधार. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, 54 भागांत वाटलेली आहे आणि ती वर्षभरात वाचून होते. हसिदी परंपरा सांगते की खबाद चळवळीचे संस्थापक रब्बी श्नेउर झाल्मन यांनी शिष्यांना काळाबरोबर जगायला सांगितले, आणि काळ म्हणजे त्या आठवड्याची पाराशा असा खुलासा केला. पाठ कोणता हे बातमी ठरवत नाही, यात मोठे शहाणपण आहे. शिवाय शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळणाऱ्या घरात फोनही बंद असतो. म्हणजे बातम्या थांबलेल्या असतानाच तो पाठ सिनेगॉगमध्ये वाचला जातो.

मराठीला हे सारे नवखे नाही. महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातले जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1874मध्ये पुण्यात मराठी अनुवादासह छापलेला हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या जेवणावेळी वाचायचा ग्रंथ, आजही संग्राहक आणि अभ्यासक जपतात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने कीर्तनात रचली. ज्याने कीर्तन ऐकले आहे त्याला रब्बीचे ‘द्राशा’ म्हणजे प्रवचन परके वाटणार नाही. निरूपणाला एक वचन घेऊन, दूरचे वाटणारे आख्यान लावून, श्रोत्याला त्याच्या आजच्या दिवसापाशी आणून सोडणे ही रीत दोन्हीकडे आहे. नोव्हेंबर 2008मध्ये मुंबईच्या नरिमन हाउसवरच्या दहशतवादी हल्ल्यात तिथले खबाद केंद्र चालवणारे गाव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग यांच्यासह निरपराध माणसे मारली गेली, तेव्हा त्यांच्या खबाद चळवळीने जगभरच्या ज्यू स्त्रियांना त्या शुक्रवारी शब्बाथच्या मेणबत्त्या लावण्याचे आवाहन केले. वर ज्याला मी उत्तर म्हटले ते असे असते.

सुरुवात करणाऱ्याने ‘बेराखोत’चा नववा अध्याय आधी वाचावा, मग चालू आठवड्याची पाराशा मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्या भाष्यासह, आणि इंग्रजी येत असेल तर रब्बी जोनाथन सॅक्स (1948–2020) यांचे पाराशांवरचे साप्ताहिक निबंध. ‘एश कोदेश’ सावकाश, वर्षभराने. एकट्याने शिकू नये. ‘हवरूता’ म्हणजे जोडीने वाद घालत वाचणे ही इथली मूळ पद्धत आहे, आणि फोनवरूनही ती उत्तम चालते. जोडीदार आपल्या राजकीय मताचा नसेल तर अधिक बरे. वर्गाच्या वेळा मात्र बघून घ्याव्यात: न्यूयॉर्कमधला रात्री आठचा वर्ग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला किंवा साडेसहाला येतो, जेरुसलेममधला रात्री साडेदहाला किंवा साडेअकराला, आणि शुक्रवारी दुपारनंतर शब्बाथच्या तयारीमुळे बहुतेक शिक्षक भेटत नाहीत.