वजन आलं, आता ते राखायचं

भिवंडी तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज पुन्हा आपल्याशी बोलायला आलो आहोत. मागच्या वेळी गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज दुसऱ्या एका हिशोबाबद्दल बोलू. हा हिशोब पैशांचा नाही, आपल्या अंगावरच्या मांसाचा आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट आधी सांगतो. नाव सांगत नाही, तसं त्यांना विचारूनच ठरवलं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना क्षयरोग झाला. ४४ किलोच्या ताई ३३ किलोवर आल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. औषधं सहा महिने नेमाने घेतली, आशाताई घरी येत राहिल्या, सरकारकडून पोषणाचे पैसे खात्यात येत होते, त्यातून अंडी आणि शेंगदाणे यायचे. वजन ४२ वर गेलं. आम्ही सगळ्यांनी गटात पेढे वाटले. औषध संपलं, पैसे थांबले, आणि पुढच्या श्रावणात बैठकीच्या दिवशी अंगणवाडीतल्या काट्यावर त्या सहज उभ्या राहिल्या तर काटा ३८ वर. विचारलं तर म्हणाल्या, "आता मी बरी झाली ना, आता माझ्यासाठी वेगळं कशाला आणायचं?"

त्या एका वाक्याने आम्ही गप्प झालो. आजारपणात बाईला अंडं मिळतं, बरी झाली की ते अंडं पुन्हा पोराच्या नाहीतर नवऱ्याच्या ताटात जातं. वजन आणायला सगळे मदत करतात, राखायला कुणी नसतं. हे फक्त आपल्या गावात होतं का? आधीही असंच होत होतं का? आमच्यापैकी काहींनी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण त्या पुस्तकात राजे आणि लढाया होत्या, बाईचं ताट नव्हतं. म्हणून जरा शोधलं. जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात दीडशे वर्षांपूर्वीची. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामं काढली, खडी फोडायला हजारो बायाबापे गेले. तेव्हा सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत असं ठरवलं. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. दिवसभर कष्ट करणारं शरीर एवढ्यावर टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी ही मजुरी घ्यायला नकार देऊन कामंच सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पोटभर खायला मिळावं म्हणून आपल्या मुलखातल्या उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. तो आपल्याला शाळेत कुणी शिकवला नाही.

त्याच दुष्काळात सावित्रीबाई फुले जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात लोकांची अन्नपाण्यावाचून झालेली दैना आणि सत्यशोधक मंडळींनी चालवलेलं मदतीचं काम लिहिलं आहे. फुले दांपत्याने आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम चालवला, तिथे मुलांना रोज जेवण मिळायचं. सावित्रीबाईंचं नाव आपण शाळेसाठी घेतो. भुकेल्या मुलांपुढे ताट मांडण्याचं कामही त्यांनी केलं, हे आपल्या गटांनी विसरू नये.

आता आपल्या जवळ येऊ. भिवंडी आज मागाच्या खडखडाटासाठी ओळखली जाते, पण यंत्रमाग येण्याआधीपासून ही भाताच्या व्यापाराची पेठ होती. भात आपण पिकवायचं, सडून पेठेत जायचं आणि मुंबईला पोचायचं. आणि ज्यांनी चिखलात उभं राहून लावणी केली त्यांच्या घरात आषाढ-श्रावणात धान्याची कणगी रिकामी. त्या दिवसांत सावकाराकडून खायला भात उसना आणायचा, त्याला खावटी म्हणायचे. पीक आलं की तो दीडपट करून परत करायचा. म्हणजे नवं पीक घरात येतानाच त्यातलं बरंचसं सावकाराच्या घरी निघून जायचं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खावटी. वारली, कातकरी, कातकऱ्यांसारख्या भूमिहीन घरांचं तर विचारायलाच नको. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगाव भागात, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. पुढे आपल्या भिवंडी-वसई भागात १९८० नंतर श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवण्याचं काम केलं. स्वातंत्र्यानंतर सरकारनेही आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली, म्हणजे सावकाराचा शब्द सरकारी कागदावर आला. कारण ती भूक खरी होती.

इथे एक गोष्ट नीट पाहा. खावटीच्या दिवसांतच लावणी असते. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जड काम आणि सगळ्यात रिकामी कणगी एकाच महिन्यात. आमच्या आज्या दरवर्षी पावसाळ्यात वाळायच्या आणि मार्गशीर्ष-पौषात पुन्हा भरायच्या. त्याला कुणी आजार म्हणालं नाही. "पावसाळा आहे, अंग उतरणारच," एवढंच. आमच्या ताईंचं वजन ज्या श्रावणात उतरलं, तो श्रावण तसा फार जुना आहे.

तेव्हाच्या याच जिल्ह्यातली एक चांगली गोष्टही सांगायला हवी. १९४५ मध्येच ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. ज्या काट्यावर आमच्या ताई उभ्या राहिल्या, तो काटा या परंपरेतून आपल्या गावात आला आहे.

दरम्यान १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या सासवा अजून सांगतात, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमी योजना पक्की झाली. काम मागणाऱ्याला काम, म्हणजे मजुरी, म्हणजे जेवण. पण सगळं सुटलं नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. मग योजना आल्या. कुपोषित मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्रं आली, २०१५ मध्ये आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली. आपल्या तालुक्यातल्या काही आदिवासी गावांनाही ती लागू आहे.

या सगळ्यात एक धागा दिसतो. केंद्रात मुलाचं वजन वाढतं, नाव यादीतून निघतं, मूल घरी येतं, आणि घरची चूल तीच असते. काही महिन्यांनी नाव पुन्हा यादीत. आमच्या ताईंचंही हेच झालं.

मग शरीर भरायला आणि भरलेलं राखायला नेमकं किती लागतं? हे माणसांवर तपासून पाहिलं गेलं आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरलं. ते थंडीने कुडकुडायचे, चिडचिडे झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करायचे. नंतर त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात खायला देऊन पाहिलं. ज्यांना जेमतेम वाढवून दिलं त्यांची तब्येत फारशी सुधारलीच नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीही विशेष फरक पडला नाही. पोटभर, नेहमीपेक्षा बरंच जास्त अन्न कित्येक महिने मिळालं तेव्हा शरीर सावरलं. आणि आधी चरबी परत आली, स्नायूंना जास्त वेळ लागला. म्हणजे काट्यावर वजन दिसलं तरी अंगातली ताकद परत यायला आणखी महिने जातात. टॉनिकच्या बाटलीवर पैसे घालण्याआधी हे आठवा.

एक सावधगिरीही सांगतो. फारच उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. १९४५ मध्ये युद्धाच्या छावण्यांतून सुटलेली काही माणसं एकदम जड खाण्याने दगावली. म्हणून अगदी हाडांचा सापळा झालेल्या माणसाला दवाखान्याच्या सल्ल्यानेच, थोडं थोडं, वरचेवर द्यायचं.

क्षयरोगाचा इतिहासही बोलका आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी मद्रासला केलेल्या अभ्यासात दिसलं की औषध नेमाने घेतलं तर घरी राहून, साध्या जेवणावरही रुग्ण बरा होतो. ते खरंच होतं आणि त्याने गरिबांचा मोठा फायदा झाला, कारण सॅनेटोरियममध्ये जागा किती जणांना मिळणार! पण त्यामुळे जेवणाचा विषय मागे पडला. तो पुन्हा पुढे आला २०२३ मध्ये, झारखंडमधल्या अभ्यासातून. रुग्णाच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्या घरांत नवा क्षयरोग सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मरणाचा धोका खूपच कमी होता. आपल्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण तेही औषध चालू असेपर्यंतच.

आता ताटाकडे येऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे २१०० कॅलरी लागतात, लावणीसारख्या जड कामाला २७०० च्या वर. दिवसभरात तांदूळ आणि नाचणी मिळून साडेतीनशे ग्रॅम, डाळ किंवा वाल-मूग ७५ ग्रॅम, पाच-सहा चमचे तेल, मूठभर शेंगदाणे, एक अंडं, भाजी आणि थोडा गूळ घेतला की हिशोब २१०० च्या आसपास जातो. अंडं नसेल तर सुकट, जवळा चालेल. टाकळा, शेवग्याचा पाला तर पावसात फुकट. रेशनवर धान्य मिळतं, डाळ आणि तेल आपल्याला बघावं लागतं, आणि कमी पडतं ते तिथेच. एका वेळी जात नसेल तर चार वेळा खा. आणि सगळ्यांबरोबर वाढून घ्या. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भात आणि आमटीचं पाणी येतं, डाळ वर निघून गेलेली असते.

आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या. आजारातून उठलेल्या सभासदाचं वजन वर्षभर दर बैठकीला वहीत लिहायचं. पौषात डाळ, शेंगदाणे एकत्र घेऊन ठेवायचे आणि आषाढ-श्रावणात गटाच्या भावाने द्यायचे, म्हणजे ही आमची बिनव्याजी खावटी. आणि वजन दोन किलोने जरी उतरलं तरी ताईला सोबत घेऊन दवाखान्यात जायचं, कारण कमी खाणं हे एक कारण असेल, पण आजार उलटला असेल तर तो लवकर कळायला हवा. आमच्या ताईंची थुंकी तपासली, आजार नव्हता. उणीव ताटातच होती.

ताई मागच्या बैठकीला ४१ वर होत्या. पेढे आम्ही यावेळी वाटले नाहीत. त्यांच्या सासूबाई सोबत आल्या होत्या, त्यांनीच काट्यावरचा आकडा वाचला आणि म्हणाल्या, "हिचं अंडं आता मी बाजूला काढून ठेवते." आम्ही वहीत वजन लिहिलं आणि त्याखाली ते वाक्यही लिहून ठेवलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात आजारातून, बाळंतपणातून किंवा भट्टीवरून परत आलेली कुणी वाळलेली बाई असेल, तर पुढच्या बैठकीला काटा मागून घ्या आणि तिचं वजन लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहा.