मुंबई ते लंडन : मैल आणि दिवस

मुंबईपासून लंडन किती लांब, असें वर्गांत विचारलें म्हणजे मुलें नकाशावर पट्टी ठेवीत. मी त्यांना पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणावयास सांगत असें. हा दोरा कॉकेशस पर्वताच्या बाजूनें जातो आणि त्याची लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर भरते. पण जुन्या काळच्या प्रवाशाला ह्या दोऱ्याचा कांहींच उपयोग नव्हता. शिडाचीं जहाजें आफ्रिकेला वळसा घालून जात. ती वाट २०,००० किलोमीटरांच्या घरांतली, आणि वारा चांगला लागला तरी चार-सहा महिन्यांची.

सन १८३० च्या मार्च महिन्यांत मुंबईंतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुवेझकडे निघाली. कोळशासाठीं वाटेंत थांबत थांबत तिला सुमारें महिना लागला. पुढें टॉमस वॅगहॉर्न ह्या इंग्रज गृहस्थाच्या खटपटीनें इजिप्तच्या वाळवंटांतून टपाल व उतारू नेण्याची सोय झाली. कागद सव्वा-दीड महिन्यांत पोहोंचूं लागला. राज्यकर्त्यांना ही मोठीच प्रगति वाटली. ज्याला न्याय मागावयाचा होता त्याला ती कशी वाटली असेल, हें पाहावयाचें तर साताऱ्याकडे वळलें पाहिजे.

कंपनी सरकारनें १८३९ सालीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि तेथें चौदाएक वर्षें राहिले. कंपनीचे डायरेक्टर, भागीदारांची सभा, पार्लमेंट, सर्वत्र त्यांनीं दाद मागितली. येथून एखादा कागद मागवावयाचा तर पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत तीन महिने सहज जात. प्रतिपक्षाला घाई नव्हती. त्याला नुसतें थांबणें पुरेसें होतें. १४ ऑक्टोबर १८४७ रोजीं महाराज काशीस निवर्तले. ही वार्ता लंडनला पोहोंचावयास कांहीं आठवडे लागलेच असतील. तेवढे दिवस हा इमानी वकील, जो धनी ह्या जगांत उरला नव्हता, त्याच्याच गादीसाठीं झगडत असला पाहिजे. पुढच्याच वर्षीं, १८४८ त, साताऱ्याचें राज्य खालसा झालें. रंगो बापूजी तरीही १८५३ पर्यंत हटले नाहींत.

सुवेझचा कालवा खुला झाला तो १८६९ सालीं. त्यानें समुद्रवाट साडेअकरा हजार किलोमीटरांच्या आसपास आणली. दुसऱ्याच वर्षीं समुद्रांतून तार आली आणि महिन्याचा निरोप तासांवर आला. साताऱ्याला ह्या दोहोंचा काय उपयोग!

विमानाची कथा त्या मानानें थोडक्यांत सांगतां येते. ८ जून १९४८ रोजीं 'एअर इंडिया इंटरनॅशनल'चें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनिव्हा येथें उतरून १० जूनला लंडनला पोहोंचलें. १९६० पासून बोइंग ७०७ हीं जेट विमानें ह्या मार्गावर आलीं. आतां मधें कोठेंही न उतरतां नऊ-दहा तासांत प्रवास होतो. अर्थात् विमानही दोऱ्यावरूनच जातें असें नाहीं. कोणत्या देशाचें आकाश खुलें आहे हें पाहून त्यालाही वळसा घ्यावा लागतो. शिवाय वरच्या थरांतला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून लंडनहून मुंबईस येतांना बहुधा जाण्यापेक्षां कमी वेळ लागतो. शिडाच्या जहाजावरील तांडेलालाही वाऱ्याचा हाच हिशेब करावा लागे.