डोंगर पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

फॉलआउट हा व्हिडिओ गेम खेळला असाल तर ही सुरुवात तुमच्या ओळखीची आहे. जमिनीखालच्या आसऱ्याचं जाडजूड दार सरकतं, डोळ्यांवर उन्हाची तिरीप येते आणि समोर होत्याचं नव्हतं झालेलं जग पसरलेलं असतं. कुठे जायचं ते कोणी सांगत नाही, काय खायचं ते तर नाहीच. १९९७ साली पहिला भाग आला, तेव्हापासून या मालिकेने पोराटोरांना एकच भूल घातली आहे: सगळं संपलंय, आता जगून दाखव.

आज ते दार मोखाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या धारेवर उघडणार आहे. चपला काढा. मोबाईल, घड्याळ, पाण्याची बाटली, सगळं काढून ठेवा, त्यातलं काही पलीकडे येणार नाही. साल १९१९, महिना वैशाख, वेळ दुपारची.

पहिलं पाऊल टाकाल आणि तिथेच नाचाल. काळा कातळ तापलाय. तव्यावर उभं राहिल्यासारखे तुम्ही एक पाय उचलता, मग दुसरा, आणि तिरक्या उड्या मारत पळसाच्या सावलीत शिरता. नाकात आधी येतो तो जळका वास. घाबरू नका, वणवा नाही. पाऊस येण्याआधी शेताच्या एका तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून तो तुकडा भाजतात, त्याला राब म्हणतात. त्याच राखेत पुढे नागलीची आणि वरईची रोपं उठणार आहेत. खाली दरीत उष्णतेने हवा थरथरतेय. लांबवर कोणाचा तरी कोयता लाकडावर पडतोय, ठक, ठक, आणि मध्येच थांबतोय.

काय घडून गेलंय ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पाड्यावर ते कोणी सांगणार नाही. गेल्या पावसाळ्यात पाऊस दगा देऊन गेला. त्याच सुमाराला मुंबईकडून साथीचा ताप आला, रेल्वेने गावोगाव पोचला, पुढे माणसांच्या पायांनी गेला आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं घेऊन गेला. तुम्ही आलाय ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात.

पाड्यावर पोचलात की पहिलं घर बंद दिसेल. कारवीच्या कुडाची भिंत, वरचं सारवण पोपडे धरून गळतंय, दाराला दोरी बांधलेली. आता तुमच्या आतला खेळाडू जागा होईल. रिकामं घर दिसलं की आत शिरायचं, फडताळं उघडायची, मिळेल ते झोळीत भरायचं, ही सवय बोटांत मुरलेली असते. दोरी सोडून वाकून आत गेलात तर गारवा लागेल, आणि जुना धूर, शेण, कोंबड्यांची पिसं, तेलकट घोंगडी यांचा एकत्र वास. कोपऱ्यात कणगी आहे, हात घालाल तर तळाची धूळ लागेल. मग डोळे अंधाराला सरावतील आणि चुलीच्या वर, काजळीने काळी पडलेली एक पुडी टांगलेली दिसेल. पानांची, घट्ट बांधलेली, हाताला जड.

ती काढू नका. ते बियाणं आहे. चुलीच्या धुरात ठेवलं म्हणजे कीड लागत नाही. या डोंगरात पोटाला कितीही चिमटा बसला तरी ती पुडी सोडायची नसते. ज्यांना ती सोडावी लागली, त्यांचा पुढचा पावसाळाही त्याच दिवशी संपला. बाहेर या, दोरी होती तशी बांधा. मागे वळाल तर एक बाई उभी असेल, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, डोक्यावर लाकडाची मोळी. तुम्ही दोरी बांधत होतात एवढं तिने पाहिलंय. या खेळातली पहिली कमाई ती.

आता तहान. घसा चिकटलाय, जीभ टाळूला लागतेय. वाघ नदीकडे जाणाऱ्या उतारावर चार म्हाताऱ्या आणि आठ-दहा पोरी एका खड्ड्याभोवती बसलेल्या दिसतील. नदी म्हणजे आत्ता दगडगोट्यांचा पांढरा पट्टा. त्यात हातभर खोल उकरलेला झरा, आणि तळाशी पाणी असं झिरपतंय की बघत बसलं तर वाढलेलं कळत नाही. याच डोंगरात आषाढात पाऊस एवढा कोसळतो की शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही. पण उतार उभा, खाली कातळ, पाणी थांबत नाही. तेव्हाही हेच, आजही जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर हेच. आणि खाली वैतरणेवर धरणं बांधून मुंबईने आपली तहान भागवून घेतली आहे, हे इथे बसल्यावर जरा जास्तच टोचतं.

रांगेच्या शेवटी बसा. मागू नका, बोलूही नका. कोणी मडकं डोक्यावर घ्यायला लागली की उठून हात लावा. दुसऱ्या मडक्याला हात लावाल तेव्हा एक पोरगी सुक्या भोपळ्याचा डवला तुमच्यासमोर धरेल. पाणी गढूळ आहे, त्याला मातीची आणि पाल्याची चव आहे. ओठ लावून सावकाश प्या, एका दमात घशात ओतलंत तर पोटात गोळा येईल.

रात्री तुम्हाला कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावर जागा मिळेल. पानावर काय येईल? भात नाही. भाकरीही रोज नाही. नागलीची पातळ पेज, चिमूटभर मीठ, आणि शिजवलेली मोहाची फुलं. हा वास आधी कधी घेतला नसेल तर दचकाल. गोड, आंबूस, किंचित कस्तुरीसारखा, डोकं जड करणारा. चैत्रात पहाटे झाडाखाली वाकून वेचलेली, उन्हात मनुकांसारखी सुकवलेली फुलं आहेत ही. शेत करपलं तरी मोहाचं झाड उभं असतं, त्याची मुळं खोल गेलेली असतात. म्हणून मोहावर कुऱ्हाड चालवायला इथला माणूस सहसा धजत नाही. जिभेवर गोडी येते, मग मागून तुरटपणा. पोरं बोटं चाटताहेत. तुम्हीही चाटा, कोणी हसणार नाही.

झोपताना एक सूचना. अंधारात बाहेर जायचं असेल तर एकटे जाऊ नका. या डोंगरात वाघ आहे, खराखुरा, पट्ट्यांचा. पण त्याला मारायला तुम्हाला कोणी हत्यार देणार नाही. पाड्याच्या शिवेवर वाघदेव आहे, त्याच्यावर वाघ कोरलाय, शेजारी चंद्र-सूर्य, शेंदूर फासलेला. वाघबारसेला त्याला मान मिळतो. वाघाने त्याच्या वाटेने जावं, आपण आपल्या, असा हा करार आहे. तुमच्या कमरेला लाकडी आकडी बांधतील, तिच्यात कोयता अडकवतील. तो लढायला नाही. त्याने वाट काढायची, फांदी तोडायची, कंद उकरायचा, बांबू चिरायचा. दिवसभरात तो हजार कामांना निघतो. कमरेवर त्याचं वजन बसलं की चाल आपोआप बदलते, बघा.

पहाटे उठवतील. आता खरी परीक्षा. पाड्यावरची एक आजी पुढे चालतेय, तिच्या मागे तुम्ही. करवंदीच्या जाळीपाशी थांबते, काळी करवंदं तुमच्या हातावर ठेवते, चीक ओठांना चिकटतो, दात जांभळे. मग एका सुकलेल्या वेलापाशी ती बसते. तुम्हाला तो दिसणारही नाही, झुडपात हरवलेला एक दोर. ती कोयत्याच्या टोकाने उकरते, माती कडक, घाम नाकावरून टपटपतो, आणि दीड हाताखाली हाताला लागतो तो कडूकंद. तपकिरी, मुळांचे केस आलेला.

भूक लागली म्हणून चावू नका. घसा जळेल, उलट्या होतील, जास्त खाल्लात तर जिवावर बेतेल. खेळात पडद्यावर थोडी शक्ती कमी होते, इथे तसं काही दिसत नाही, माणूस सरळ आडवा होतो. घरी नेऊन त्याच्या पातळ चकत्या करायच्या. राखेच्या पाण्यात उकळायच्या. मग टोपलीत भरून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, म्हणजे कडूपणा वाहून जातो. आणि यंदा वाहतं पाणीच नाही. मग? मग झऱ्यावर पुन्हा पाळी, पुन्हा मडकी, आणि पाणी बदलत बदलत धुवायचं. आजी मधूनच एक चकती जिभेच्या टोकाला लावते, थुंकते, मान हलवते. अजून नाही. तुम्ही चुलीच्या धुराने डोळे चोळत बसलाय, पोटात कावळे ओरडताहेत, आणि ती पुन्हा मान हलवते. संध्याकाळी ती थुंकत नाही, गिळते. तेव्हा सगळ्यांनी हात पुढे करायचे.

मी यावर थांबतो, कारण साऱ्या खेळातलं मोठं ज्ञान मला इथे दिसतं. विषाचं अन्न कसं करायचं हे कोणीतरी कधीतरी जिभेवर शिकलं, आणि ते कागदावर न जाता आईकडून मुलीकडे आलं. गेल्या साली तापाने एखादी म्हातारी गेली असेल, तर पाड्याचं एक माणूस गेलंच, शिवाय तिच्या जिभेवरचं रानही गेलं. म्हणून नवख्याला माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला: शस्त्रं गोळा करू नका, म्हाताऱ्या माणसांच्या मागे चाला.

अंगात ताप भरला तर? एका घोटात बरं करणारी बाटली इथे मिळत नाही. गुळवेलीचा काढा मिळेल, जहाल कडू. भगत येईल, तांदळाचे दाणे बघेल, तुमच्या उशाशी बसून राहील. गेल्या साली जिवावर उदार होऊन आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली माणसं ही. त्यांच्याकडे हसून बघू नका.

एखाद्या रात्री खालच्या गावातून संबळ ऐकू येईल. चला, उठा, पाय दुखत असले तरी. हा बोहाडा आहे, मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचवायचा उत्सव. मोखाड्याची ही शान. वाटेवर मशाली, तेलाचा खमंग जळका वास, धुळीत बसलेली शेकडो माणसं, पाठीला पाठ, कोणाचं पोर तुमच्या मांडीवर येऊन झोपलंय ते कळतही नाही. मग गर्दी फाटते आणि सोंग येतं. रावणाचा मुखवटा माणसाच्या छातीपर्यंत पसरलेला, मशालीच्या उजेडात लाल-पिवळा रंग हलतो, संबळाची लय बदलते आणि सोंग त्या लयीवर पावलं टाकत पुढे, मागे, पुन्हा पुढे. नृसिंह येतो तेव्हा पोरं आईच्या पदरात शिरतात. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं याचा मान ठरलेला असतो. यंदा एका जड मुखवट्याखाली कोवळे पाय दिसताहेत, अजून मिसरूड न फुटलेल्या पोराचे. त्याचा बाप कुठे, असं विचारू नका. शेजारचा माणूस त्याला हळूच पाऊल सांगतोय, एवढं बघा. पहाटेकडे जगदंबा येते, महिषासुराशी तिची झुंज लागते आणि सगळी गर्दी उठून उभी राहते. तुम्हीही उभे राहाल. घसा बसेपर्यंत ओरडाल.

आणि मग एका दुपारी ढग येतील. मृगाचा पहिला शिडकावा कातळावर पडला की वाफ निघते, तिचा वास छातीत भरून घ्या. आठ दिवसांत डोंगर हिरवा. पायाखाली लुसलुशीत कवळी उगवलीय, तुम्ही खुडायला वाकता आणि कोणीतरी तुमच्या मनगटावर चापट मारतं. पाच वर्षांचं पोर आहे. देवाला दाखवल्याशिवाय नवी भाजी तोंडात घालायची नाही, हे त्याला माहीत आहे, तुम्हाला नाही. वर्षभराची भूक सोसलेला पाडा कोवळ्या पानांकडे बघत थांबतो, तोवर रानाला वाढायला वेळ मिळतो. सण झाला की मात्र टोपल्या भरतात: कवळी, टाकळा, कुरडू, बांबूचे कोंब. शेवळं खाजरं असतं, आंबटाशिवाय ते शिजवू नका, घसा सुजेल.

आवणीला, म्हणजे रोपं लावायला, उतराल तेव्हा डोक्यावर पानांचं इरलं, पाठीवर पाऊस, पोटरीपर्यंत चिखल. बोटं सुरकुतलेली, कंबर मोडलेली. आज या घरचं शेत, उद्या त्या घरचं. ज्या घराला दोरी बांधली होती, त्याच्याही शेतात दहा जणं उतरतील, आणि रोपं त्या काळ्या पुडीतली असतील. परतीचं दार याच बांधावर उघडेल. तुम्ही हातातली मूठभर रोपं आधी पूर्ण लावाल, मग निघाल.

मराठीत खेळ बनवणारी हुशार मुलंमुली आज पुण्या-मुंबईत आहेत. त्यांना माझं सांगणं आहे, जग संपल्यानंतरची गोष्ट शोधायला परक्या वाळवंटात जायची गरज नाही. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांनी ती गोष्ट जगून दाखवली आहे आणि ती माणसं तिथेच आहेत. पावसाळ्यात जव्हारच्या बाजारात जा. रानभाज्यांची टोपली घेऊन बसलेल्या मावशीकडून दोन वाटे घ्या, ती मागेल तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका, आणि मग तिला विचारा की ही भाजी कशी शिजवायची. ती सांगेल ते सगळं लिहून घ्या, तिला चालत असेल तर तिच्या नावासह.